न सांगितलेली भाषा

तक्रार दोन ओळींची होती. पान इंग्रजीत आहे, पण खालची बेरीज मराठी आकड्यांत येते, असं का? सोबत एक स्क्रीनशॉट. मथळे इंग्रजी, बटणं इंग्रजी, आणि तळाशी ठळक अक्षरांत, अगदी आपल्या वळणाचे, १२,५००.

आधी मला हसू आलं. मग टेस्टचा इतिहास उघडला. बेरीज तपासणारी टेस्ट, म्हणजे आपोआप ब्राउझर उघडून आमची साइट तपासणारी स्क्रिप्ट, होती आणि ती मीच लिहिलेली होती. दोन वर्षं रोज रात्री चालत होती, एकदाही लाल, म्हणजे नापास, झालेली नव्हती. त्यामुळे हसू फार टिकलं नाही.

रात्रीचा रन एका सर्व्हरवर होतो. तिथला ब्राउझर कोणत्या भाषेत उघडतो हे आम्ही कुणी कधी ठरवलं नव्हतं. ठरवलं नाही म्हणजे भाषा नाही, असं काहीसं आमच्या डोक्यात असावं. पण ब्राउझरला बिनभाषेचं राहता येत नाही. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर तो ज्या यंत्रावर बसलाय त्या यंत्राची भाषा उचलतो, आणि यंत्रालाही कुणी काही सांगितलं नसेल तर अमेरिकी इंग्रजी धरून चालतो. आमचा रोबो दोन वर्षं रोज रात्री अमेरिकी होऊन साइटवर जात होता, सगळं ठीक आहे म्हणून सकाळी हिरवी टिकली लावत होता. त्याच्यापुरतं ते खरंही होतं.

माझ्या लॅपटॉपची गोष्ट मात्र वेगळी. त्याची भाषा मी काही वर्षांपूर्वी मराठी करून ठेवली आहे. हट्टानेच म्हणा. पहिले काही दिवस 'प्राधान्ये' कुठे आणि 'प्रगत' कुठे हे शोधण्यात गेले, मग हात बसला. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर ही चूक दिसायला हवी होती. टेस्ट तिथे चालवली. ब्राउझरची खिडकी उघडली, डोळे स्थिरावायच्या आत मिटली, आणि टेस्ट पास.

हे कोडं सुटायला अर्धा दिवस गेला. पानावर १२,५०० मराठीतच येत होतं. माझी स्क्रिप्ट तो मजकूर उचलायची, स्वल्पविराम काढायची आणि उरलेल्याचा पूर्णांक करायची. स्क्रिप्ट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आहे, आणि पायथॉनला देवनागरी आकडे वाचता येतात. त्याच्या लेखी १२५०० हे कोणत्याही लिपीत १२५००च. जावाचंही तसंच. जावास्क्रिप्टला, म्हणजे वेबपानाच्या आत चालणाऱ्या भाषेला, मात्र हे आकडे दिले की ती 'हा आकडाच नव्हे' म्हणते. टेस्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहिली असती, तर माझ्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी आपटली असती. सर्व्हरवरच्या रोबोला चूक कधी भेटलीच नाही. माझ्या लॅपटॉपवरच्या रोबोला रोज भेटायची आणि तो इतका सुशिक्षित की त्याला त्यात काही खटकायचं नाही.

मूळ चूक एका रिकाम्या कंसाची होती. आकडा वाचनीय करून दाखवायला जावास्क्रिप्टमध्ये टू-लोकेल-स्ट्रिंग नावाची सोय आहे. कंसात भाषा सांगितली तर त्या भाषेच्या रिवाजाने आकडा मिळतो. कंस रिकामा ठेवला तर ब्राउझर स्वतःची भाषा वापरतो. पानाची नव्हे, स्वतःची. आणि क्रोमच्या बाबतीत स्वतःची म्हणजे त्याच्या मेन्यूंची भाषा. मराठीसाठी कोणते आकडे हे, जगातल्या लिप्यांचे संकेत ठरवणाऱ्या युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-रिवाजांच्या भांडारात नोंदलेलं आहे, आणि तिथे मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत. गंमत म्हणजे हिंदीचे तिथे इंग्रजी वळणाचेच आहेत. लिपी एक, नोंद वेगळी. आमच्याकडे एकाने मागे कधीतरी हिंदी ब्राउझरमध्ये साइट नीट पाहिली होती आणि 'देवनागरीत काही अडचण नाही' असं लिहूनही ठेवलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

चूक दुरुस्त करायला एक मिनिट. पण ती पुन्हा झाली तर कळायला हवी, म्हणजे रोबोला मराठी ब्राउझर द्यायला हवा. हे काम मी टीममधल्या नव्या मुलाकडे दिलं. तासाभरात तो आला.

"मॅडम, झालं. भाषा मराठी केली. पण चूक दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"पान मराठीत येतंय. बेरीज मात्र इंग्रजी आकड्यांत."

तक्रारीच्या बरोबर उलट. त्याने क्रोमच्या प्रोफाइलमध्ये 'स्वीकार्य भाषा' ही नोंद बदलली होती, आणि ती त्याने बदलली तशी बदललीही होती. फक्त ती वेगळी भाषा होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण मलाही हे एका दमात कधी समजलं नव्हतं. आपण 'ब्राउझरची भाषा' असं एकवचनात म्हणतो, पण आत एकमेकींना फारसं न विचारणाऱ्या चार-पाच भाषा नांदत असतात. एक मेन्यूंची. एक सर्व्हरला कळवायची. एक पानातल्या जावास्क्रिप्टने विचारलं तर सांगायची. ती बहुधा दुसरीची सावली असते. एक आकडे-तारखा मांडायची. शिवाय पानाने स्वतःवर लावलेली पाटी असते ती निराळीच.

यातली सर्व्हरला कळवायची भाषा मला सगळ्यांत आवडते. ब्राउझर पान मागायला जातो तेव्हा मागणीसोबत ॲक्सेप्ट-लँग्वेज नावाची चिठ्ठी नेतो. वेबवर पानं मागायच्या-द्यायच्या नियमांचं, एचटीटीपी १.१चं, पहिलं प्रस्तावित मानक १९९७ साली आलं, त्यातही ही चिठ्ठी आहे. तिच्यात नुसती भाषाच नव्हे, पसंतीचा क्रमही देता येतो आणि पसंतीला वजन, शून्य ते एक. मराठी पहिली, तिला पूर्ण एक. नसेल तर हिंदी, ०.८; तीही नसेल तर इंग्रजी, ०.५. दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत वजन देता येतं. कुठल्या भाषेवर आपला जीव किती हे हजाराव्या भागापर्यंत मोजून सांगायची सोय, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती यादी कधी उघडूनही पाहिलेली नाही. यंत्र विकत घेतलं त्या दिवशी जी होती तीच चिठ्ठी आपल्या नावाने रोज हजारो ठिकाणी जाते.

तर त्या मुलाने चिठ्ठी बदलली होती. सर्व्हरने ती वाचून मराठी पान दिलं. पण क्रोमचे मेन्यू इंग्रजीच राहिले, आणि रिकाम्या कंसाने मेन्यूंच्या भाषेचे आकडे काढले.

मग मेन्यूंची भाषा बदलायला गेलो. विंडोजवर क्रोम सुरू करताना 'लँग' हा पर्याय जोडला की काम होतं. मॅकवर तोच पर्याय क्रोम निमूटपणे ऐकून सोडून देतो. तिथे मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने, ॲपल-लँग्वेजेस असं लिहून सांगावं लागतं. लिनक्सवर क्रोम पर्यायाकडे न पाहता यंत्राच्या वातावरणातलं लँग्वेज हे चल बघतो. फायरफॉक्सची तऱ्हा तिसरी: त्याच्या चिठ्ठीची नोंद वेगळी, मेन्यूंची नोंद वेगळी, आणि मेन्यूंसाठी त्या भाषेचा संच आधी हजर लागतो. आमच्याकडे लिहिणारे विंडोज आणि मॅकवर, रात्रीचा रन लिनक्सवर. एकच ओळ तीन ठिकाणी तीन अर्थांची. आणि चुकलं तर कुणी ओरडत नाही, हे खरं दुखणं. पर्याय ऐकला गेला नाही असा संदेश येत नाही. ब्राउझर इंग्रजीत उघडतो, टेस्ट पास होते, आणि आपण 'मराठीत तपासलं' असं अहवालात लिहून मोकळे.

वेबड्रायव्हर हे ब्राउझर बाहेरून चालवायचं, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं मानक २०१८ साली पक्कं झालं. खिडकीचा आकार, प्रॉक्सी, किती वेळ वाट पाहायची, सगळ्यांसाठी त्यात जागा आहे. भाषेसाठी नाही. ज्याने त्याने आपापलं बघावं. हे मानक लिहिणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण भाषा ही ब्राउझरची आवडनिवड समजली गेली, वागणूक समजली गेली नाही, असं मात्र वाटतं. पुढच्या पिढीच्या मानकात, वेबड्रायव्हर बायडायमध्ये, भाषा बदलायची आज्ञा आली आहे. २०२० साली आलेल्या प्लेराइट या टेस्ट चालवायच्या साधनाने तर सुरुवातीपासून ही गोष्ट बऱ्यापैकी शहाणपणाने केली: एकाच ठिकाणी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचा संकेत, सांगा; चिठ्ठी, जावास्क्रिप्टला दिलेलं उत्तर आणि आकडे-तारखा तिन्ही एकत्र बदलतात. आम्ही सेलेनियमवर, म्हणजे वेबड्रायव्हरवर चालणाऱ्या जुन्या साधनावर, आहोत. बदलायला हवं असं दर सहा महिन्यांनी म्हणतो.

आणखी एक बारीक खोच. मराठीचा संकेत काही ठिकाणी 'एमआर, जोडरेघ, आयएन' असा लिहितात, काही ठिकाणी जोडरेघेऐवजी अधोरेघ. यंत्रांच्या जुन्या जगात अधोरेघ, वेबच्या जगात जोडरेघ. जावास्क्रिप्टच्या आकडे मांडणाऱ्या यंत्रणेला अधोरेघ दिली तर ती सरळ चूक दाखवून थांबते, आणि या सगळ्या प्रकरणात स्पष्ट बोलणारी ती एकटीच, म्हणून मला तिच्याविषयी आदर आहे.

भाषा खरोखर बदलल्यावर पुढचे दोन दिवस टेस्टचे निकाल दाखवणारी आमची निम्मी भिंत लाल होती. आकड्यांमुळे नाही. बटण शोधायचं तर त्यावरच्या इंग्रजी शब्दाने शोधायचं, अशी सवय आम्हाला लागली होती. पान मराठी झालं आणि रोबोला बटणच सापडेना. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. बटणाला टेस्टपुरती वेगळी खूण द्यावी, शब्दावर विसंबू नये, हे मी स्वतः चार लोकांना शिकवलेलं आहे. शिकवलेलं आणि केलेलं यांत अंतर किती, ते भिंतीकडे बघून कळलं.

एक टेस्ट मात्र विचित्रपणे लाल झाली. अर्जात तारीख भरायची होती. ब्राउझरच्या स्वतःच्या तारखेच्या चौकटीत रोबो आकडे टाइप करतो, तीन एप्रिलसाठी आधी शून्य-तीन, मग शून्य-चार. त्या चौकटीत दिवस आधी की महिना आधी हे पान ठरवत नाही, ब्राउझर त्याच्या भाषेवरून ठरवतो. अमेरिकी इंग्रजीत महिना आधी. म्हणजे दोन वर्षं आमचा रोबो तीन एप्रिल समजून चार मार्च भरत होता. अर्ज स्वीकारला गेला की टेस्ट खूश; कोणती तारीख गेली हे कुणी विचारत नव्हतं. आता मराठी ब्राउझरमध्ये पहिल्यांदा खरी तारीख गेली, आणि ती पुढच्या एका नियमात बसेना. बरोबर झाल्यावर फेल होणारी टेस्ट मी त्याआधी पाहिली नव्हती.

असाच ब्राउझरचा स्वतःचा आवाज आणखी एका ठिकाणी येतो. आवश्यक रकाना रिकामा ठेवला की 'हे भरा' असा जो छोटा फुगा उगवतो, तो बहुतेक वेळा पानाचा नसतो. ब्राउझरचा असतो, त्याच्या मेन्यूंच्या भाषेत. अनुवादावर महिनाभर घासलेल्या मराठी पानावर इंग्रजी फुगा येतो आणि दोष अनुवादकाला मिळतो.

एक जुना किस्सा इथे आठवला, वेगळ्या टीममधला. तिथे भाषांच्या टेस्ट एकाच वेळी समांतर चालायच्या. कधी जर्मन टेस्टला फ्रेंच पान मिळायचं, कधी फ्रेंचला जर्मन, कधी सगळं सुरळीत. एकेकटी चालवली की प्रत्येक पास. 'फ्लेकी आहे', म्हणजे कारणाशिवाय कधी पास कधी नापास होते, म्हणून आम्ही ती पुन्हा चालवायचो, आणि पुन्हा चालवल्यावर पास झाली की पुढे जायचो. शेवटी कळलं की मध्ये एक कॅशे होती, एकदा दिलेलं पान साठवून पुन्हा तेच देणारी. सर्व्हर चिठ्ठी वाचून योग्य भाषेचं पान द्यायचा, पण 'हे पान चिठ्ठीप्रमाणे बदलतं' ही सूचना, व्हेरी नावाचं हेडर, सोबत लावायला विसरायचा. कॅशेला वाटायचं पत्ता एक म्हणजे पान एक. जो आधी आला त्याच्या भाषेतलं पान पुढच्या सगळ्यांना. टेस्ट फ्लेकी नव्हती. ती तेवढी खरं बोलत होती आणि आम्ही तिला पुन्हा पुन्हा, पास होईपर्यंत, तोच प्रश्न विचारत होतो.

त्या प्रकारानंतर फ्लेकी हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला की मी जरा कडू होते.

मराठी रन सुरू झाल्यावर आठवड्याभराने मी सहज रात्रीचे स्क्रीनशॉट चाळत बसले. सगळ्या टेस्ट हिरव्या. स्क्रीनशॉटमध्ये मात्र अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. रांगेने चौकोन, मध्ये एखादा पूर्णविराम. ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या बंदिस्त डब्यात, ब्राउझर चालत होता त्यात देवनागरीचा एकही फाँट नव्हता. टेस्टला काय त्याचं? ती पानाच्या आतला मजकूर वाचते, काढलेलं अक्षर पाहत नाही. मजकूर शुद्ध मराठी, दिसणारं शून्य. कंटेनरमध्ये फाँट घालायला एक ओळ पुरली. पण त्या एका आठवड्यात आम्ही 'मराठीत सगळं हिरवं' असं दोनदा कळवून झालं होतं.

फाँट आल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली, जी कुठलीही टेस्ट पकडणार नव्हती. ल आणि श हिंदी वळणाचे होते. मराठीचा ल आणि शेंडीफोड्या श वेगळे. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, आणि कोणतं काढायचं हे पानावरच्या भाषेच्या पाटीवरून ठरतं. आमच्या मराठी पानावरची पाटी 'इंग्रजी' म्हणत होती. शब्द मराठी, पाटी इंग्रजी, म्हणून फाँटाने आपलं नेहमीचं वळण काढलं. आंधळ्यांसाठी पान वाचून दाखवणारी साधनंही हीच पाटी पाहून उच्चार निवडतात, त्यामुळे हे नुसतं वळणाचं कौतुक नव्हतं. पाटी तपासायची टेस्ट मी त्याच दुपारी लिहिली. ल-शबद्दल तक्रार नोंदवली तेव्हा तिचं प्राधान्य 'कमी' ठेवावं लागलं. मनात ठेवलं ते वेगळं.

आता प्रश्न असा आला की किती भाषांत तपासायचं. साइट अकरा भाषांत आहे. सगळ्या टेस्ट अकराही भाषांत चालवा, असा उत्साही ठराव एका बैठकीत झालाच. मी विरोध केला. अकरापट वेळ लागतो हे कारण होतंच, पण बहुतेक टेस्टना भाषेचं सोयरसुतक नसतं हे मोठं कारण. त्यापेक्षा खोडकर भाषा निवडाव्यात. लांबलचक शब्दांसाठी जर्मन, बटणं फुटतात. उजवीकडून डावीकडे जाण्यासाठी अरबी. तुर्की तर हवीच: तिथे टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, आणि मोठी इंग्रजी अक्षरं लहान करताना यंत्र तुर्कीत असेल तर साध्या इंग्रजी शब्दांचंही रूप बदलतं, मग तुलना चुकते. आणि आकड्यांसाठी मराठी. आपली भाषा खोडकरांच्या यादीत आली याचा मला थोडा अभिमान वाटला, हे कबूल करते.

फ्रेंचही नंतर घातली, एका न दिसणाऱ्या जागेपायी. फ्रेंचमध्ये हजारांच्या गटात स्वल्पविराम नसतो, मोकळी जागा असते, आणि ती आपल्या स्पेसबारची जागा नसते. अरुंद, न तुटणारी, वेगळ्या संकेताची. डोळ्यांना दोन्ही सारख्या. टेस्ट म्हणते हवं होतं हे, मिळालं हे, आणि दोन्ही ओळी अक्षरशः तशाच दिसतात. हे फ्रेंचपुरतं आहे असं समजून राहिलो तर २०२२च्या अखेरीस सीएलडीआरच्या ४२व्या आवृत्तीने अमेरिकी इंग्रजीतही वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये तीच जागा आणली. जगभरच्या टेस्ट, आणि नुसत्या टेस्टच नव्हे, चालत्या साइटही त्यात अडखळल्या. क्रोमने आपल्यापुरती जुनी जागा परत आणली. त्या दिवसांत त्या मुलाने फळ्यावर दोन रिकाम्या चौकटी काढून खाली लिहिलं होतं, 'फरक ओळखा'. बरेच दिवस कुणी पुसलं नाही.

आता आमच्या प्रत्येक रनची पहिली टेस्ट काहीच तपासत नाही असं वाटावं अशी आहे. ती एक कोरं पान उघडते आणि विचारते: चिठ्ठीत काय गेलं, जावास्क्रिप्टला काय सांगितलंस, रिकाम्या कंसाने कोणते आकडे काढलेस, वेळ कुठल्या पट्ट्यातली. उत्तरं मागितल्यासारखी नसतील तर रन तिथेच थांबतो, पुढे एकही हिरवी टिकली लागत नाही. बेरजेच्या टेस्टमधून पूर्णांक करायची ओळ काढली. आता मजकूर जसाच्या तसा पडताळते. पायथॉनची सुशिक्षित समजूत तिथे नको.

एक टेस्ट अजून बंद करून ठेवलेली आहे. मराठी पान, मराठी ब्राउझर, खाली बेरीज.

"मॅडम, यात अपेक्षित काय लिहू? मराठी आकडे की इंग्रजी?"

मी म्हटलं, विचारून सांगते. विचारलं. रचना करणाऱ्यांना इंग्रजी हवेत, कारण चौकटीत नीट बसतात. तशी सोयही आहे. भाषेच्या संकेतामागे एक शेपूट जोडलं की मराठी रिवाजाचे गट आणि इंग्रजी आकडे मिळतात. अनुवादिका म्हणाल्या, मराठी पानावर मराठीच. एका वरिष्ठांनी विचारलं की लोकांना नक्की काय आवडतं, आणि ते मोजायचं कसं यावर चर्चा गेली. प्रत्येकाचं थोडं बरोबर आहे.

त्या मुलाने टेस्ट लिहून ठेवली आहे, अपेक्षित उत्तराच्या जागी रिकामा कंस. रात्रीच्या अहवालात ती रोज पिवळी येते, 'वगळली' असं लिहून.